मेंदू घडताना मूलपेशी कशा विभागतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक सूचना आधीच. खालच्या उत्तरांतले आठवडे गर्भधारणेच्या दिवसापासून मोजले आहेत. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून ते दोनने जास्त असतात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतला निम्मा गोंधळ या दोन आठवड्यांचा असतो.

१. मेंदूची मूलपेशी म्हणजे नेमकी कोणती? अस्थिमज्जेतल्या मूलपेशीच मेंदूत जातात का?

नाही. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्त बनवतात, त्यांचा वंश वेगळा. मेंदूच्या मूलपेशी गर्भाच्या पाठीकडच्या बाह्यस्तरातून येतात. तिसऱ्या आठवड्यात या स्तराची मधली पट्टी जाड होते आणि तिच्या कडा उचलल्या जातात. करंजी दुमडून कडा जुळवाव्यात तशा त्या मानेच्या जागी आधी जुळतात आणि तिथून दोन्ही टोकांकडे मिटत जातात. ही न्यूरल ट्यूब. तिचं वरचं टोक साधारण २५व्या दिवशी आणि खालचं २८व्या दिवसापर्यंत बंद होतं.

या नळीची भिंत म्हणजे एकच थर, आणि त्यातल्या न्यूरोएपिथेलियल पेशी याच मेंदूच्या पहिल्या मूलपेशी. पुढे त्यांचं रूप बदलतं आणि त्यांना रेडियल ग्लिया म्हणतात. नाव फसवं आहे. ग्लिया म्हणजे चेतापेशींच्या आधाराच्या पेशी, आणि रेडियल ग्लियाही चेतापेशींना चढायला दिलेली शिडी तेवढी, असा समज बराच काळ होता. शिडीचं काम त्या करतातच, पण चेतापेशींना जन्मही त्याच देतात हे २०००-२००१च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. नाव मात्र जुनंच राहिलं.

२. हे विभाजन कधी सुरू होतं आणि कधी थांबतं?

भागाप्रमाणे वेळ वेगळी आहे. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मूलपेशी मुख्यतः स्वतःची संख्या वाढवतात. प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, चेतापेशींची निर्मिती सहाव्या-सातव्या आठवड्यापासून जोर धरते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात शिगेला पोचते. सहाव्या महिन्याच्या सुमारास तिथलं बहुतेक काम उरकलेलं असतं. त्यानंतर त्याच मूलपेशी ग्लिया पेशी बनवायला लागतात. अनुमस्तिष्काचं वेळापत्रक फार उशिराचं आहे, ते प्रश्न १० मध्ये.

३. दहावीच्या पुस्तकातलं सूत्री विभाजन हेच का?

हेच. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, तुर्कतंतू, दोन्हीकडे ४६-४६ गुणसूत्रं, सगळं तसंच. पुस्तकातल्या आकृतीत पेशी गोल आणि एकटी असते. इथली पेशी मात्र लांबुळकी आणि अरुंद असते, शेजारणींना दोन्ही बाजूंनी चिकटलेली, एक टोक मेंदूतल्या पोकळीला आणि दुसरं बाहेरच्या आवरणाला टेकलेलं. पुढचे सगळे प्रश्न या आकारातून निघतात.

४. केंद्रक पेशीत वर-खाली फिरतं असं वाचलं. कशासाठी?

रेडियल ग्लियाचं केंद्रक प्रत्येक पेशीचक्रात एक फेरी मारतं. विभाजन झालं की ते पोकळीपासून दूर सरकतं, दूर असतानाच डीएनएची नक्कल पूर्ण होते, मग ते परत पोकळीच्या काठाशी येतं आणि तिथंच पेशी विभागते. एफ. सी. सॉअर या संशोधकाने १९३५ साली नुसत्या स्थिर काचपट्ट्या बघून हे ताडलं होतं, हे विशेष.

कारणं दोन. पहिलं यांत्रिक आहे. पेशीचं तारककाय पोकळीकडच्या टोकाशी, एका सूक्ष्म केसासारख्या सिलियमच्या बुडाशी बसलेलं असतं. तुर्कतंतू तारककायापासून उभे राहतात, म्हणून केंद्रकालाच तिथं जावं लागतं. दुसरं कारण जागेचं. गावाचा पाणवठा डोळ्यांपुढे आणा. काठ तेवढाच, बायका शंभर. ज्यांचं भरून झालं त्या मागे सरतात म्हणून पुढचीला काठ मिळतो. केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर राहिली की थोड्या पृष्ठभागावर पुष्कळ पेशी मावतात. भिंतीचा छेद बघितला तर अनेक थर असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात थर एकच.

काठाकडे ओढण्याचं काम डायनीन हे मोटर-प्रथिन करतं आणि एलआयएस-१ हे प्रथिन त्याला मदत करतं. डायनीन अडवलं तर केंद्रक वाटेतच अडकतं, आणि काठाशी पोचलं नाही तर पेशी सहसा विभाजनात शिरतच नाही. एलआयएस-१ च्या बिघाडात मेंदू गुळगुळीत राहतो. त्याचं मुख्य कारण चेतापेशींचं अडलेलं स्थलांतर हे आहे, पण मूलपेशींच्या विभाजनातला हा दोषही त्यात भर घालतो.

५. सममित आणि असममित विभाजन म्हणजे काय, आणि त्याला एवढं महत्त्व का?

सममित विभाजनात एका मूलपेशीच्या दोन मूलपेशी होतात. असममित विभाजनात एक मूलपेशी राहते आणि दुसरी चेतापेशी होते, किंवा चेतापेशीच्या वाटेवरची मधली पेशी होते (प्रश्न ८). शेवटी शेवटी दोन्ही कन्यापेशी चेतापेशी होतात आणि तो वंश तिथं संपतो.

महत्त्व हिशेबात आहे, आणि तो कागदावर मांडून बघावा. एका मूलपेशीने १० वेळा सममित विभाजन केलं तर १,०२४ मूलपेशी होतात, ११ वेळा केलं तर २,०४८. तीच पेशी १० वेळा असममित विभागली तर १० चेतापेशी आणि १ मूलपेशी. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली एक फेरी हुकली तर पुढचं सगळं निम्म्यावर येतं, उशिराची एक फेरी हुकली तर त्या वंशात एक चेतापेशी कमी. मेंदूच्या आकाराचे जवळजवळ सगळे प्रश्न, आजारांचे आणि उत्क्रांतीचेही, या हिशेबावर येऊन थांबतात : एका प्रकारातून दुसऱ्याकडे वळण कधी आलं?

याला धरून मेंदूशास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी १९८८ साली मांडलेली कल्पना अजून कामाची आहे. सममित फेऱ्यांनी बाह्यकाचं क्षेत्रफळ वाढतं, असममित फेऱ्यांनी जाडी. माणसाच्या बाह्यकाचं क्षेत्रफळ उंदराच्या सुमारे हजारपट आहे, जाडी मात्र जेमतेम दोन-तीन पट.

६. दोन्ही कन्यापेशींत डीएनए सारखाच, मग एक मूलपेशी आणि दुसरी चेतापेशी कशी होते?

गुणसूत्रांची वाटणी काटेकोर समान असते, बाकीच्या सामानाची नसते. खालची माहिती बहुतांशी उंदरावरची आहे.

तारककायातली जुनी तारककेंद्रं आणि नवी तारककेंद्रं सारखी नसतात. जुनं घेणारी कन्यापेशी बहुधा मूलपेशी राहते. बाहेरच्या आवरणापर्यंत गेलेला लांब धागा विभाजनाच्या वेळी तुटत नाही, तो एकीकडेच जातो, आणि त्याच्या टोकाशी सायक्लिन डी-२ चा आरएनए साठवलेला असतो. तो धागा ज्या पेशीकडे गेला तिला पुन्हा चक्रात शिरायला बळ मिळतं. पोकळीकडच्या टोकाची पार-३ सारखी प्रथिनंही कधी असमान वाटली जातात.

त्यावर नॉच संदेशाचा शिक्का बसतो. चेतापेशी व्हायला निघालेली पेशी आपल्या पृष्ठभागावर डेल्टा हे प्रथिन दाखवते, आणि ते शेजारच्या बहिणीतला नॉच जागा करतं. नॉच जागा असला की पेशी मूलपेशीच राहते. घर सोडून निघालेली बहीणच दुसरीला ‘तू इथंच थांब’ म्हणून सांगते, असा हा प्रकार.

निर्णय विभाजनाच्या क्षणीच पक्का होतो असंही नाही. २०२० साली तंतुकणिकांवरच्या कामातून दिसलं, की विभाजनानंतरच्या काही तासांत ज्या पेशीच्या तंतुकणिका तुकड्या-तुकड्यांत राहतात ती चेतापेशी होते, जिच्या पुन्हा जोडल्या जातात ती मूलपेशी राहते. मानवी पेशींत ही फेरविचाराची मुदत उंदरापेक्षा लांब आहे.

७. पेशी उभी चिरली तर सममित, आडवी चिरली तर असममित. हे बरोबर आहे ना?

हा नियम पुष्कळ नोट्समध्ये आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

पोकळीकडचा पृष्ठभाग हा पेशीच्या एकूण पटलाच्या फक्त १ ते २ टक्के असतो. चिरेचं प्रतल त्या चिमुकल्या तुकड्याच्या मधोमध गेलं तर तो दोघींना मिळतो, जरा कलंडलं तर सगळा एकीलाच. म्हणून बाहेरून जवळजवळ उभी दिसणारी चीरही असममित असू शकते, आणि चेतापेशी देणाऱ्या पुष्कळशा चिरा तशाच असतात.

शिवाय एलजीएन हे प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत तुर्कतंतूंची दिशा वेडीवाकडी झाली, तरी चेतापेशी बनण्याचा वेग फारसा बदलला नाही. बदललं ते मूलपेशींचं ठिकाण : त्या काठ सोडून आत भटकल्या. याउलट नळीच्या अगदी सुरुवातीच्या पेशींत दिशा बिघडली तर पेशी मरतात आणि मेंदू लहान राहतो. तेव्हा कोन महत्त्वाचा आहे, पण किती महत्त्वाचा ते टप्प्यावर अवलंबून.

मोजणाऱ्यांसाठी तीन खबरदाऱ्या. छेद पोकळीच्या पृष्ठाला काटकोनात नसेल तर प्रत्येक कोन खोटा येतो, म्हणून त्रिमितीत मोजा. मध्यावस्थेत गुणसूत्रांची पट्टी डुलत असते, कोन पश्चावस्थेत घ्या. आणि आपण ‘उभं’ म्हणतो ते चिरेला की तुर्कतंतूंना हे आधी लिहा, कारण चीर उभी तेव्हा तुर्क आडवा असतो. दोन शोधनिबंधांतले निष्कर्ष उलटे वाटले तर आधी ही व्याख्या तपासावी.

८. मधल्या पेशी म्हणजे काय?

मूलपेशी आणि चेतापेशी यांच्यामधली पायरी. या पेशी काठ सोडून थोड्या आत येतात, दोन्ही टोकांचे धागे आखडून घेतात, टीबीआर-२ हे प्रथिन दाखवतात आणि बहुधा एकदाच, कधी दोन-तीनदा विभागून संपूर्ण चेतापेशी होतात. एका असममित विभाजनातून एकाऐवजी दोन किंवा जास्त चेतापेशी मिळतात, एवढाच त्यांचा लाभ. तो लहान नाही.

९. ‘आउटर रेडियल ग्लिया’ माणसातच असतात का?

फक्त माणसात नाही, पण माणसात प्रचंड संख्येने. काठाशी असलेल्या नेहमीच्या थराबाहेर विभागणाऱ्या पेशींचा आणखी एक जाड पट्टा माकडांत आणि माणसांत असतो. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि ड्रेस्डेन इथल्या दोन गटांनी त्यातल्या मुख्य मूलपेशी ओळखल्या. फेरेटमध्ये (मुंगसासारखा एक छोटा प्राणी) त्या आहेत, उंदरात अगदी तुरळक.

या पेशींनी पोकळीचा काठ सोडलेला असतो, बाहेरच्या आवरणाकडे जाणारा धागा मात्र राखलेला असतो. पाणवठ्याच्या भाषेत, घरात नळ आला : काठावरच्या जागेची अडचणच संपली. जिवंत छेदात त्यांचं विभाजन बघण्यासारखं असतं. तासन्‌तास पेशी एका जागी असते. मग तिचं अंग धाग्यावरून एकदम बाहेरच्या दिशेने सरकतं, स्वतःच्या रुंदीच्या कित्येक पट, आणि थांबताच दोन तुकडे होतात. वरची कन्यापेशी धागा ठेवते आणि मूलपेशी राहते. ही उडी नॉन-मसल मायोसिन-२ च्या आकुंचनाने होते. ते औषधाने रोखलं तर उडी थांबते, विभाजन होत राहतं. पेशी वर सरकत जातात म्हणून पट्टा जाड होत जातो.

साधारण चौथ्या महिन्यात आणखी एक बदल होतो. काठाशी राहिलेल्या रेडियल ग्लियांपैकी पुष्कळांचे धागे बाहेरच्या आवरणापर्यंत पोचेनासे होतात. तिथून पुढे वर चढणाऱ्या चेतापेशींना आधार मिळतो तो मुख्यतः या बाहेरच्या पेशींच्या धाग्यांचा. पाठ्यपुस्तकातली पोकळीपासून पृष्ठापर्यंत सलग जाणारी शिडी माणसात शेवटपर्यंत नसते.

१०. मेंदूतल्या सगळ्या चेतापेशी याच पद्धतीने होतात का?

नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात आणि सुमारे १६ अब्ज प्रमस्तिष्काच्या बाह्यकात.

अनुमस्तिष्कातल्या बहुसंख्य पेशी, म्हणजे कणिका पेशी, पोकळीच्या काठाशी नव्हे तर अनुमस्तिष्काच्या बाहेरच्या पृष्ठावर विभागतात आणि मग आत उतरतात. दिशा बरोबर उलटी. पुरकिंजे पेशींकडून, म्हणजे अनुमस्तिष्कातल्याच मोठ्या चेतापेशींकडून, येणारं सॉनिक हेजहॉग हे प्रथिन त्यांना विभागत ठेवतं. हे काम जन्मानंतर वर्षभर तरी चालू असतं. हा संदेश बंद व्हायला हवा तेव्हा झाला नाही, तर मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांतल्या गाठीचा एक प्रकार उद्भवतो.

बाह्यकातल्या निरोधक चेतापेशी मुख्यतः खालच्या बाजूच्या गँग्लिऑनिक एमिनन्समध्ये जन्मतात आणि आडव्या प्रवासाने वर येतात. उंदरात ही विभागणी कडक आहे. मानवी बाह्यकातली एकच मूलपेशी दोन्ही प्रकारच्या चेतापेशी देऊ शकते असं २०२२ साली दिसून आलं, त्यामुळे माणसाबाबत ‘सगळ्या खालूनच येतात’ असं लिहू नये.

११. गर्भात मिनिटाला अडीच लाख चेतापेशी तयार होतात, हे खरं का?

हा आकडा भागाकारातून आलेला दिसतो. ८६ अब्जांना नऊ महिन्यांच्या मिनिटांनी, म्हणजे सुमारे ३,८९,००० ने भागलं की सव्वादोन लाख येतात. चेतापेशींची जुनी संख्या १०० अब्ज धरली तर अडीच लाख. अडचण अशी, की पहिल्या महिन्यात चेतापेशी जवळजवळ नसतातच आणि अनुमस्तिष्कातला मोठा वाटा उशिरा, काही तर जन्मानंतर येतो. शिवाय तयार झालेल्या पुष्कळ पेशी मरतातही. सरासरी म्हणून ठीक, वेग म्हणून निरुपयोगी.

१२. माणसाचा मेंदू चिंपांझीपेक्षा मोठा, तो पेशी लवकर विभागतात म्हणून का?

उलट. उंदराच्या बाह्यकात चेतापेशी बनण्याचा काळ सुमारे ६ दिवस आणि त्यात ११ पेशीचक्रं. मकाक माकडात सुमारे ६० दिवस, किमान २८ चक्रं आणि प्रत्येक चक्र उंदरापेक्षा लांब. माणसात हा काळ शंभर दिवसांहून जास्त. फायदा घाईचा नाही, मुदतीचा आहे.

वळणाचा क्षणही माणसात उशिरा येतो. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये, म्हणजे मेंदूच्या ऊतीसारख्या छोट्या गोळ्यांमध्ये, न्यूरोएपिथेलियल पेशींना रेडियल ग्लियाचं रूप घ्यायला गोरिला आणि चिंपांझीत सुमारे ५ दिवस लागले, मानवी पेशींत सुमारे ७. सममित विभाजनाचे दोन दिवस जास्त म्हणजे काय, ते प्रश्न ५ मधल्या हिशेबावरून कळेल.

जनुकंही आहेत. एआरएचजीएपी-११बी हे सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच्या अर्धवट नकलेतून आलेलं, फक्त मानवी वंशात असलेलं जनुक. ते २०१५ साली उंदराच्या आणि २०२० साली मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातल्यावर काठाबाहेरच्या मूलपेशी वाढल्या. नॉच-२-एनएल हा मानवी जनुकांचा गट नॉच संदेश वाढवून पेशींना जास्त काळ मूलपेशी ठेवतो. ‘माणसाला माणूस करणारं जनुक’ अशा मथळ्यांपासून मात्र लांब राहावं. कामाला लागलेली जनुकं अनेक आहेत.

१३. मायक्रोसेफलीची जनुकं सगळ्या शरीरात असतात, मग डोकंच का लहान राहतं?

सर्वांत चांगला प्रश्न. एएसपीएम, डब्ल्यूडीआर-६२, सीडीके-५-आरएपी-२, सीईएनपीजे ही जनुकं तारककाय आणि तुर्कतंतू यांची प्रथिनं बनवतात, आणि ती प्रत्येक विभागणाऱ्या पेशीला लागतात. जन्मजात प्राथमिक मायक्रोसेफलीशी जोडलेली अशी दोन डझनांहून जास्त जनुकं माहीत आहेत, सर्वांत जास्त वेळा सापडतं ते एएसपीएम.

उत्तराचे तीन धागे आहेत. मेंदूच्या मूलपेशीचं पोकळीकडचं टोक अत्यंत अरुंद, तिथं तुर्कतंतू थोडे कलंडले तरी वाटणी बदलते (प्रश्न ७). विभाजन रेंगाळलं तर पी-५३ हे प्रथिन ती पेशी थांबवतं किंवा मारतं, आणि नुसतं रेंगाळल्यानेही कन्यापेशी मूलपेशी राहण्याऐवजी वेळेआधी चेतापेशी होण्याकडे झुकते. तिसरं म्हणजे भरपाई. कातडी किंवा यकृत पुढेही पेशी बनवत राहतात, बाह्यकाची मुदत एकदाच येते.

एमसीपीएच-१ या जनुकातला दोष निराळा आहे. त्यात तारककाय तयार व्हायच्या आधीच पेशी विभाजनात शिरते आणि मूलपेशींचा साठा वेळेआधी संपतो. या मुलांत मेंदूची रचना बरीचशी नीट असते, वळ्या साध्या असतात, आकार लहान असतो.

१४. आमचं नात्यातलं लग्न आहे, मामाच्या मुलीशी. धोका किती?

वरच्या प्रश्नातली बहुतेक जनुकं अप्रभावी आहेत. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच दोष दिसतो, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात शक्यता २५ टक्के. आते-मामे भावंडांत एक-अष्टमांश जनुकं समान असतात, मामा-भाचीच्या लग्नात एक-चतुर्थांश. याचा अर्थ दोष होईलच असा नाही, बहुतेकांना निरोगी मुलं होतात. पण कुटुंबात आधी लहान डोक्याचं मूल असेल तर पुढच्या गर्भारपणाआधी जनुकीय सल्ला घ्या. त्या मुलातला नेमका बदल आधी सापडला तर पुढच्या वेळी कोरिऑनिक व्हिलस चाचणीत (वारेचा नमुना घेऊन केलेली तपासणी) तोच थेट शोधता येतो, तो माहीत नसेल तर चाचणी आंधळी ठरते.

१५. पाचव्या महिन्यातला एनॉमली स्कॅन नॉर्मल होता, मग जन्मल्यावर मायक्रोसेफली कशी निघाली?

तेव्हा डोक्याचा घेर खरोखरच मर्यादेत असू शकतो. पेशी कमी पडलेल्या असतात, पण घेरातला मोठा भाग पुढच्या वाढीचा, म्हणजे ग्लिया, धागे आणि जोडण्यांचा असतो. फरक बऱ्याचदा शेवटच्या तीन महिन्यांत दिसतो. स्कॅन चुकला असं दरवेळी नसतं. कुटुंबात इतिहास असेल तर पाळीपासूनच्या २८ आणि ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा मोजून घ्यावं.

जन्मल्यावर मोजताना न ताणणारी टेप वापरा, भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर जागेवरून न्या, आणि सर्वांत मोठं माप धरा. प्रसूतीत डोकं दबलेलं असेल तर काही दिवसांनी पुन्हा मोजा. वय आणि लिंगाच्या सरासरीपेक्षा २ प्रमाण विचलनं कमी असेल तर मायक्रोसेफली, ३ कमी तर तीव्र.

१६. झिकाचा मूलपेशींशी काय संबंध?

झिका विषाणू रेडियल ग्लियांत सहज शिरतो, त्यांचं विभाजन बिघडवतो आणि त्यांना मारतो. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर नुकसान सर्वांत जास्त, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. ब्राझीलमधल्या २०१५-१६च्या साथीत हे जगाला कळलं. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ साली पुण्यात रुग्ण आढळले त्यांत गर्भवतीही होत्या.

एडीस डास दिवसा चावतो, तेव्हा नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. गर्भवतीला ताप, पुरळ किंवा लाल डोळे असले तर डॉक्टरांना लगेच सांगा. लागण लैंगिक संबंधातूनही होते. साथीच्या भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा, जोडीदार गर्भवती असेल तर संपूर्ण गर्भारपणात. सायटोमेगालोव्हायरसही पोकळीच्या काठाशीच घाव घालतो, आणि तो झिकापेक्षा कितीतरी सर्रास आढळतो.

१७. गर्भवती आहे हे माहीत नसताना एक्स-रे काढला. मेंदूच्या पेशींना इजा झाली असेल का?

छातीच्या, दातांच्या किंवा डोक्याच्या तपासणीत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा बहुधा ०.०१ मिलिग्रेच्या आत असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती सहसा १० ते ३५ मिलिग्रे असते. ५० मिलिग्रेच्या खाली मेंदूला इजा झाल्याचं दिसलेलं नाही.

हे ज्ञान हिरोशिमा-नागासाकीच्या दुर्दैवातून आलं आहे. तिथं गर्भात असलेल्या मुलांत तीव्र बौद्धिक अक्षमता मुख्यतः ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांत दिसली, १६ ते २५ आठवड्यांत कमी, त्याआधी आणि नंतर नाही. म्हणजे बरोबर बाह्यकातल्या चेतापेशी बनण्याचा काळ. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हा किरणोत्सर्ग नसतो.

१८. फॉलिक अ‍ॅसिड पाळी चुकल्यावर सुरू केलं तर चालतं ना?

घ्या, पण मुख्य वेळ तोवर निसटत आलेली असते. न्यूरल ट्यूब २८व्या दिवसापर्यंत मिटते (प्रश्न १). पाळी चुकते ती गर्भधारणेनंतर साधारण १४व्या दिवशी, आणि चाचणी, डॉक्टर, औषधाचं दुकान यांत आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणून गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असेल तर मात्रा दसपट, म्हणजे ४ मिलिग्रॅम. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने. फेफऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, गर्भधारणा ठरवण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा.

१९. गर्भसंस्काराच्या संगीताने मेंदूच्या पेशी वाढतात का?

विभाजन वाढल्याचा पुरावा नाही, आणि वेळही जुळत नाही. गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो तो पाळीपासूनच्या २४व्या-२५व्या आठवड्याच्या सुमारास, तोवर बाह्यकातल्या चेतापेशी बहुतेक बनून झालेल्या असतात. आईला बरं वाटत असेल तर जरूर ऐकावं. पेशींच्या संख्येसाठी काही करायचं असेल तर फॉलिक अ‍ॅसिड, आयोडीनयुक्त मीठ, थायरॉइडची तपासणी, गर्भारपणाआधी रुबेलाची लस आणि दारू पूर्ण बंद.

२०. रक्ताची जनुकीय चाचणी नॉर्मल, तरी मेंदूच्या एकाच भागात दोष. हे कसं?

बदल आई-वडिलांकडून आलेला नसून वाटेत एका मूलपेशीत झालेला असू शकतो. तो फक्त तिच्या वंशात उतरतो, रक्तात दिसत नाही. पेशीची वाढ ठरवणाऱ्या एमटॉर या संदेशमार्गातल्या जनुकांत असा बदल लवकर झाला तर मेंदूची एक अख्खी बाजू फुगते, उशिरा झाला तर बोटाएवढा ठिपका, आणि त्यातून औषधांना न जुमानणारी फेफरी. बदल बऱ्याचदा शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातच सापडतो, तोही थोड्याच टक्के पेशींत. म्हणून तो तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मेलिनमध्ये न टाकता थोडा गोठवून ठेवायला आधीच सांगावं.

२१. प्रयोगशाळेत विभागणारी पेशी ओळखायची कशी?

केआय-६७ ही प्रथिन-खूण पेशीचक्रातली कुठलीही पेशी रंगवते, ती आत्ता विभागतेय असा अर्थ नव्हे. प्रत्यक्ष विभाजनासाठी फॉस्फो-हिस्टोन एच-३ ही खूण. मानवी गर्भाच्या छेदात त्याचे ठिपके पोकळीच्या काठाशी एका ओळीत दिसतात, आणि वरच्या पट्ट्यात विखुरलेले : खालची ओळ काठाची, विखुरलेले बाहेरच्या मूलपेशी आणि मधल्या पेशी. ईडीयू किंवा बीआरडीयू हे बाहेरून दिलेलं खुणेचं रसायन डीएनएची नक्कल होताना त्यात शिरतं. पुढच्या प्रत्येक विभाजनात ते पातळ होतं, म्हणून रंग दिसला नाही याचा अर्थ पेशी तेव्हा चक्रात नव्हती असा घेऊ नका. पॅक्स-६ आणि सॉक्स-२ ही प्रथिनं दोन्ही जागच्या रेडियल ग्लियांत असतात. एचओपीएक्स हे प्रथिन बाहेरच्यांकडे झुकतं, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये. जागा, धागा आणि दोन खुणा, असं मिळून ठरवावं.

ऑर्गनॉइडमध्ये पोकळी म्हणजे प्रत्येक रोझेटचं (फुलासारख्या मांडलेल्या पेशींच्या वर्तुळाचं) मधलं छिद्र. रक्तवाहिन्या नसल्याने गोळा मोठा झाला की गाभा मरतो. बाहेरच्या मूलपेशी कमी दिसल्या तर आधी गाभ्यातला मृत भाग आणि वय तपासा, मग जनुकाला दोष द्या.

२२. मोठेपणी या मूलपेशी उरतात का?

बहुतेक नाही. काम संपल्यावर रेडियल ग्लिया ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशींत किंवा पोकळीच्या अस्तराच्या पेशींत बदलतात. बाह्यकातल्या चेतापेशी आपल्या वयाच्याच असतात. अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून त्यांचं वय मोजून हे २००६ साली पक्कं झालं. हिपोकॅम्पसबद्दल वाद आहे : २०१३ साली त्याच पद्धतीने प्रत्येक बाजूला रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींचा अंदाज आला, २०१८ साली एका गटाला प्रौढांत जवळजवळ काहीच सापडलं नाही, दुसऱ्याला त्याच वर्षी भरपूर सापडलं. नमुना मृत्यूनंतर किती तासांनी जतन केला यावर रंग बराच बदलतो, आणि वादाचं एक मूळ तिथं आहे.

२३. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी मूलपेशींचं इंजेक्शन देतात. त्यातून नव्या चेतापेशी होतात का?

नाही. ती इंजेक्शनं बहुधा अस्थिमज्जेच्या किंवा नाळेच्या पेशींची असतात (प्रश्न १). मेंदूत नव्या चेतापेशी बनवून त्या योग्य जागी जोडण्याचं काम त्या करत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठीचं रक्त-मूलपेशींचं प्रत्यारोपण. बाकी सगळं फक्त नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीत चालतं, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर सीटीआरआयचा (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा.